साक्षीला माइक मिळतो, सेवेला काम कधी? सीमाभागातील मराठी मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, धर्मगुरू, वडीलजन आणि कमिटी सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आपल्या परिसरातल्या एका मंडळीने यंदाच्या वार्षिक सभेत रुग्णभेटीचा निधी बंद केला आणि ती रक्कम उज्जीवन सभेच्या (विश्वास जागवण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या मोठ्या सभेच्या) मंडपाकडे व साउंडकडे वळवली. कारण एका वाक्यात दिले गेले: सेवा ज्याने त्याने प्रेरणेने करावी, तिला वेगळी तरतूद कशाला? मंडळीचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण निर्णय तिने घेतला असला तरी ही समजूत एकट्या तिची नाही. बहुतेक कमिट्यांत ती आहे, फक्त इतिवृत्तात उतरलेली नाही.

आम्ही खाटेला खिळलेल्या, व्यसनातून सावरणाऱ्या आणि क्षयाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसांच्या घरी जाणारे स्वयंसेवक आहोत. आमच्यात मेथडिस्ट आहेत, कॅथलिक आहेत, स्वतंत्र मंडळ्यांचेही आहेत. बऱ्याच जणांना पडत्या काळानंतर जगण्याचा हेतू याच कामात सापडला. त्या हकिगती इथे सांगत नाही. हकिगतींना मंडळीत जागा भरपूर आहे आणि आमची पहिली तक्रार त्याबद्दलच आहे.

दारू सुटलेला, मूल गमावलेला, हिंडलग्याच्या तुरुंगातून बाहेर आलेला किंवा मोठ्या आजारातून उठलेला माणूस मागच्या बाकावर येऊन बसू लागतो. दोन-तीन महिन्यांत त्याला 'साक्ष' द्यायला, म्हणजे आपण कसे बदललो ते सर्वांसमोर सांगायला, पुढे बोलावले जाते. माइक हातात येतो, लोक 'आमेन' म्हणतात, कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करतो आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपांवर फिरते. मग शेजारच्या मंडळीचे बोलावणे, मग निपाणीच्या सभेचे. दर खेपेला हकीकत थोडी भडक होते: आधीचा अंधार जास्त गडद, सुटका जास्त झटपट. घरी मात्र पतसंस्थेचे कर्ज तसेच असते, हाताला काम नसते आणि बायको अजून पगाराच्या दिवशी रस्त्याकडे डोळे लावून बसते.

दारू सुटल्यानंतरचे पहिले वर्ष सर्वांत घसरडे, हे व्यसनमुक्तीचे काम करणारा कोणीही सांगेल. ज्याची साक्ष चार गावांत झाली आहे, तो त्या वर्षात घसरला तर सांगणार कोणाला? तो लपतो. आधी उपासना चुकते, मग घरप्रार्थना, मग फोन उचलणे बंद होते. मंडळी म्हणते, 'मागे घसरला.' ज्याने त्याला मंचावर चढवले त्याच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (३:६) पौल बजावतो की अध्यक्ष नवशिका नसावा, नाहीतर तो गर्वाने फुगेल. पद देत नाही म्हणून हा नियम आपल्याला लागू नाही, असे आपण मानतो. पण रविवारच्या सभेत माइक हेही पदच आहे.

गरसेकरांच्या प्रांतातला भूतग्रस्त बरा झाला, ती गोष्ट कोणी पुढे करील (मार्क ५). त्याला तर प्रभूने जाऊन सांग असेच म्हटले ना? म्हटले, पण कुठे जाऊन? तो नावेत बसून बरोबर यायला निघाला होता. त्याला घरी, आपल्या माणसांकडे धाडले. ज्यांनी त्याला साखळदंडात पाहिले होते, ज्यांना रोज सकाळी त्याचे तोंड दिसणार होते, त्यांच्यात. तिथे हकीकत रंगवून सांगता येत नाही.

अशा माणसाला हवे असते ते काम: लहान, ठरलेले, शिकवलेले आणि कोणाच्या तरी देखरेखीखालचे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या गटांत नव्या माणसाला चहा करायला आणि खुर्च्या मांडायला सांगतात, त्यामागे पुष्कळ शहाणपण आहे. ठरलेल्या वेळी यावे लागते, कोणीतरी वाट पाहत असते आणि काम झाले की झालेले दिसते. पहिले तीन महिने एवढेच पुरे. पुढचे तीन महिने अनुभवी सोबत्याबरोबर घरभेट, तीही हाताला हात लावण्यापुरती: पाणी तापवणे, चादरी धुणे, गोळ्यांची पट्टी तपासणे. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून एक ठरलेले घर, आणि दर पंधरा दिवसांनी कोणीतरी त्याला विचारायचे, 'तुझे कसे चाललेय?' या प्रश्नाला खरे उत्तर मिळावे म्हणून विचारणारा माणूस एकच असावा आणि त्याने ते उत्तर प्रार्थनाविनंती म्हणून ग्रुपवर टाकू नये.

दुसरी तक्रार: सेवेला निघालेल्या माणसाला आपण काहीच शिकवत नाही. 'प्रेमाने करा' एवढ्यावर पाठवतो. खाटेवरच्या माणसाला नुसत्या प्रेमाने जखम होते, हे थोडे तपशिलाने लिहितो, कारण आमच्या अनुभवात कमिटीच्या सभासदांनी हे काम जवळून पाहिलेले नसते.

पक्षाघाताने किंवा खुब्याचे हाड मोडल्याने अंथरूण धरलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू इथे हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोहोचत नाही आणि ती आतून मरू लागते. पहिली खूण म्हणजे लालसर डाग. बोटाने दाबून सोडल्यावर तो पांढुरका झाला नाही, लालच राहिला, तर बेडसोर सुरू झाला. काळ्या-सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताला गरम लागणारा, कडक किंवा उलट लिबलिबीत झालेला भाग हाताने चाचपावा लागतो. इथेच बहुतेक माणसे चुकतात. तेल घेऊन तो डाग चोळतात. चोळल्याने आतल्या सुजलेल्या पेशी आणखी फाटतात. दुसरी चूक रबरी रिंग किंवा कापडाची चुंबळ खाली ठेवण्याची. तिच्या कडा गोल दाबतात आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी तुटतो.

कूस बदलायला दोघे लागतात. खांद्यापासून मांडीपर्यंत पोहोचेल अशी चादर किंवा जुने लुगडे दुमडून माणसाखाली आधीच घालून ठेवायचे. दोघांनी दोन्ही बाजूंनी ते गुंडाळून हाताशी धरायचे, 'एक, दोन' म्हणायचे आणि उचलून सरकवायचे. काखेत हात घालून ओढले की कातडी घासते आणि नाजूक खांदा निखळायची भीती असते. पूर्ण कुशीवर झोपवू नये. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलते ठेवावे, म्हणजे वजन खुब्यावर येत नाही. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये. एक पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी राहतील अशी. भिंतीवर कागद लावून वेळ आणि बाजू लिहायची: ८ डावी, १० पाठ, १२ उजवी. हा कागद नसला की घरातल्या प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने वळवले असेल.

जखम झालीच तर अर्धा लिटर पाणी उकळून, निववून त्यात एक चहाचा चमचा मीठ घालून धुवावे. डेटॉल, स्पिरिट, हळद, टाल्कम पावडर यांतले काही नको. यांनी नवी येणारी कातडी जळते किंवा जखमेत खडे साचतात. वास येऊ लागला, काळी खपली धरली किंवा हाड दिसले तर सिस्टरला किंवा डॉक्टरला दाखवणे त्याच दिवशी. खाण्यात अंडी, डाळ, दूध वाढवल्याशिवाय जखम भरत नाही, आणि घरात अंडी परवडत नसतील तर ती देणे हीच त्या आठवड्याची प्रार्थना समजावी.

लघवीची पिशवी खाटेच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकलेली. दोन-तृतीयांश भरली की रिकामी. ती वर उचलून छातीवर ठेवून माणसाला वळवले की लघवी उलटी आत जाते आणि चार दिवसांत ताप येतो. जेवण भरवताना माणूस बसता हवा आणि जेवणानंतर अर्धा तास तसाच. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते. हे शेवटचे वाक्य आम्ही प्रत्येक घरात सांगतो, कारण भेटीला येणारी मंडळी मायेने नेमके हेच करतात. आणि एक सांगायला हवे. दहा-बारा जण खोलीत शिरून पाऊण तास गीते आणि प्रार्थना करतात, तेव्हा रुग्ण ओल्या चादरीवर पडून असतो आणि सुनेला सगळ्यांसमोर ती बदलता येत नाही. दोघांनी जावे, आधी चादर बदलू लागावे, मग पाच मिनिटे प्रार्थना करावी. गीताला हरकत नाही. एकच म्हणा.

कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचे पाय हाही असाच विषय. रोग बरा झाला तरी बधिरपणा जात नाही, त्यामुळे काटा किंवा निखारा लागलेला कळत नाही. रोज २० मिनिटे साध्या पाण्यात पाय बुडवायचे (गरम नको, भाजलेले कळणार नाही), घट्टे खरखरीत दगडाने हळू घासायचे, पाय ओलसर असतानाच तेल लावायचे आणि तळवे आरशात किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्यायचे. पायात मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल. खिळे मारलेली चप्पल चालत नाही. पवित्र गुरुवारी आपण वेदीसमोर बारा स्वच्छ पाय धुतो. त्या आठवड्यात एका तरी घरी जाऊन असे पाय धुतले जावेत ही सूचना आहे, टोमणा नाही.

हे सगळे शिकायला किती वेळ लागतो? केरळमध्ये २००१ पासून उभ्या राहिलेल्या शेजारी-गटांच्या उपशामक सेवेत (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेत) आठवड्याला दोन तास देऊ शकणाऱ्या सामान्य माणसांना १६ तासांचे वर्ग आणि अनुभवी गटाबरोबर ४ दिवसांच्या गृहभेटी एवढे शिक्षण देतात. म्हणजे आपले चार शनिवार आणि चार रविवार. एका उज्जीवन सभेच्या तयारीला यापेक्षा जास्त बैठका होतात.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर, म्हणून तिथे शब्द मऊ करत नाही. मंडळीत बरे होण्याची प्रार्थना होते तेव्हा गोळ्या बंद करण्याबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही. पाळक 'औषध सोड' म्हणत नसतील. पण 'ज्याचा विश्वास पक्का त्याला गोळीची गरज नाही' असे पुढे बसलेला एखादा साक्ष देणारा म्हणून जातो आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही. ऐकणाऱ्यांत फेफऱ्याची गोळी चालू असलेली मुलगी असते. ती गोळी एकदम बंद केली तर झटके थांबेनासे होऊन जीव जाऊ शकतो. इन्सुलिनवरच्या मधुमेही मुलाला बंद केल्यावर काही दिवसांत बेशुद्धी येते. क्षयाचे औषध साधारणपणे ६ महिने रोज घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस म्हणतो प्रभूने बरे केले, आणि गोळ्या पेटीत जातात. उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊन परत येतात, या वेळी घरातल्या नातवंडांसकट. जाता जाता: क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळायला हवेत, आधी ५०० होते. खाते जोडलेले नसल्याने ते अडकतात. सोबत बँकेत जाणे हे स्वयंसेवकाचे काम.

दारूच्या बाबतीत तर उलटा धोका आहे, आणि तो मंडळ्यांना ठाऊकच नसतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने उपवास-प्रार्थनेला बसून एका रात्रीत बाटली सोडली तर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस ओळखत नाही, ताप चढतो, आणि यात मृत्यू येऊ शकतो. मंडळीतले लोक याला दुष्टात्म्याची झुंज समजून दार लावून प्रार्थना करत बसतात. हे शरीराचे लक्षण आहे आणि त्यावर औषध आहे. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यायचे आणि चार गोष्टी सांगायच्या: रोज किती प्यायचा, शेवटचा घोट कधी, पूर्वी फेफरे आले होते का, कावीळ झाली होती का. डॉक्टर ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्व देतात. ते राहिले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसते सलाइन लावून घरी आणू नये. प्रार्थना त्याच्या खाटेशेजारी बसून करता येते.

दारू सोडवण्याची गोळी भाजीत कालवून चोरून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि काही भगिनी ती मंडळीतूनच शिकतात. डायसल्फिराम (हीच ती गोळी) घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, कधी हृदय बंद पडते. ती गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यायची. आणि जिथे प्रभुभोजनात आंबवलेला द्राक्षारस असतो, तिथे अशा माणसाला नुसती भाकर घेण्याची मुभा आहे हे त्याला आधी, एकट्याला, सांगावे. वेदीपाशी उभे राहून त्याला नाही म्हणायला लावू नये.

चौथी तक्रार कागदांची आणि भाषेची. आपल्या सीमाभागात रुग्णालयाचा डिस्चार्ज इंग्रजीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये आणि घरात मराठी, खानापूरच्या पश्चिमेला कोकणीही. विधवा झालेल्या बाईकडे पहिल्या आठवड्यात पन्नास माणसे येतात, 'देवाची इच्छा' म्हणून जातात, आणि तिच्या पुढ्यातला कागद कोणी वाचून दाखवत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर विनाशुल्क होते, उशीर झाला की परवानग्या आणि हेलपाटे सुरू. मग नाडकचेरीत (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयात) विधवा वेतनाचा अर्ज, रेशन कार्डावरचे नाव, जमिनीची वारसा नोंद. एकेका कामाला वडापने तालुक्याला जाऊन दिवस मोडतो. पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटीकडच्या बाईला तर दोन. ज्याला कन्नड लिहिता येते असा एक तरुण प्रत्येक मंडळीत आहे, तो बहुधा कीबोर्ड वाजवतो. महिन्यातला एक दिवस त्याला नाडकचेरीसाठी मोकळा करा.

भाषेवरून उपेक्षा होते हे गाऱ्हाणे मंडळीला नवे नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही, 'प्रेरणा असेल त्याने वाढावे' असेही म्हटले नाही. सात माणसे नेमली. त्यांची पात्रता सांगितली, नावे लिहून ठेवली, त्यांच्यावर हात ठेवले. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन त्यांच्यातलाच. मंडळीतली सेवा नेमणुकीने सुरू झाली, आणि तीही भाषेच्या तक्रारीतून. सीमाभागातल्या कमिटीला याहून जवळचा उतारा दुसरा कुठला मिळणार?

संकटातून वर आलेल्याला सेवा करण्याआधी शिकावे लागते, याची मोठी उदाहरणे आपल्या घरातलीच आहेत. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावली, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. शारदा सदन निघाले १८८९ मध्ये. मधल्या वर्षांत त्या शिकत आणि शिकवत होत्या. अमेरिकेत बालवाडीची शिक्षणपद्धतीसुद्धा शिकून आल्या. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मुली केडगावला आणल्या तेव्हा त्यांना नुसते जेवू घातले नाही. छापखाना, विणकाम, शेती यांत प्रत्येकीच्या हाताला काम दिले, दृष्टिहीन मुलींना ब्रेल शिकवले. डॉ. मेरी वर्गीस यांचे असेच. १९५४ च्या अपघातात कमरेखालचे शरीर लुळे पडले. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशात जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या, आणि वेल्लोरची पुनर्वसन संस्था १९६६ मध्ये उभी राहिली. अपघातानंतर दुसऱ्या महिन्यात कोणी त्यांना सभांमधून फिरवले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. जवळच मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयाकडे बेळगावकडच्या कितीतरी पिढ्या गेल्या. तिथेही परिचारिका घडवणे हे उपचाराइतकेच महत्त्वाचे मानले गेले.

पाचवी गोष्ट थोडक्यात. आजारी माणसाच्या घरी उपासनेला येण्याची अट घालू नये, बदल्यात काही कबूल करून घेऊ नये, छायाचित्र काढू नये. हिंदू, मुस्लिम, लिंगायत शेजाऱ्याच्या घरीही तीच चादर आणि तेच मीठ-पाणी. आपल्याकडे सेवेवर संशय घेणारे पुष्कळ आहेत, त्यांना कारण देऊ नये हे खरे. पण संशय नसता तरी नियम हाच राहिला असता. प्रभूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने जखमीला आधी त्याचा धर्म विचारला नाही आणि सराईवाल्याला पैसे रोख दिले.

आता मागण्या.

रुग्णसेवेचा निधी पुन्हा सुरू करा आणि त्याचा हिशोब वार्षिक सभेत वेगळा वाचा. रक्कम किती, हे तुम्ही ठरवा. पण त्यातून एक एअर बेड, एक चाकाची खुर्ची, एक कमोड खुर्ची, दोन वॉकर आणि रबरी चादरी एवढे मंडळीच्या मालकीचे असावे, वहीत नोंद करून उसने देता येईल असे. हे सामान आज बऱ्याच घरांत वापर संपल्यावर माळ्यावर पडून आहे. एका रविवारी मागितले तर निम्मे फुकट मिळेल.

प्रत्येक मंडळीने निदान दोन भगिनी आणि दोन भाऊ नावानिशी नेमावेत. चार तालुक्यांनी मिळून मराठीतून १६ तासांचा वर्ग घ्यावा. शिकवायला निवृत्त सिस्टर आणि नर्स आपल्याच बाकांवर बसलेल्या आहेत, त्यांना आजवर कोणी विचारले नाही.

व्यसनातून किंवा शोकातून सावरणाऱ्या माणसाची जाहीर साक्ष एक वर्ष घेऊ नका. नंतरही त्याने स्वतः मागितली तरच, आणि चित्रीकरण त्याच्या लेखी संमतीशिवाय नाही. आधीची चित्रफीत काढून टाका असे कोणी म्हणाले तर त्याच दिवशी काढा.

बरे होण्याच्या प्रत्येक प्रार्थनेनंतर पाळकांनी किंवा फादरनी स्वतः एक वाक्य मोठ्याने म्हणावे: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणीही गोळी बंद करू नये. दर वेळी. कंटाळा आला तरी. मंडळीच्या फलकावर तीन क्रमांक लिहावेत: रुग्णवाहिकेसाठी १०८, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

गृहभेट नेहमी दोघांनी. एकटीच बाई किंवा मूल घरात असेल तर एका स्त्रीशिवाय आत जायचे नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, मग तो कितीही जुना सभासद असो आणि त्याची साक्ष कितीही गाजलेली असो. यावर कोणाचे मन दुखावेल हे आम्हाला माहीत आहे.

आणि सेवकांना सुटी. वर्षातून एक महिना घरभेट बंद, दुसऱ्याने सांभाळायचे. जो म्हणतो मला सुटी नको, त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवा. बऱ्याचदा तो स्वतःच्या दुःखापासून पळत दुसऱ्याच्या घरात शिरलेला असतो, आणि असा माणूस रुग्ण दगावला की आडवा होतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१:४) म्हटले आहे की आपले सांत्वन झाले ते दुसऱ्याचे सांत्वन करता यावे म्हणून. क्रम पाहावा. आधी त्याचे सांत्वन होऊ द्या.

या पत्राचे उत्तर आम्हाला व्यासपीठावरून नको, लेखी हवे. आगमनकाळाचा पहिला रविवार ही मुदत धरली आहे, कारण त्यानंतर नाताळच्या तयारीत कोणाला वेळ नसतो आणि जानेवारीत नवे अंदाजपत्रक बसते. ज्या मंडळीला वर्गासाठी सभागृह देता येईल तिने तारीख कळवावी. उरलेली तयारी, म्हणजे मराठीतली टिपणे, सराव करायला खाट आणि उशा, आणि शिकवायला दोन नर्स, आमच्याकडे आहे.

आपले,
घरपोच रुग्णसेवा करणारे स्वयंसेवक,
बेळगाव – खानापूर – निपाणी – चिकोडी